सहा आठवडे, तीन नमुने

बुधवारी संध्याकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, घाबरण्यासारखं काही नाही, पण याच्या अंगावर पुरळ उठलंय. सकाळी तोंडावर होतं, आता पोटापर्यंत आलंय. ताप म्हणावा तर अंग नुसतं कोमट आहे." शनिवार-रविवार ती दोघं आमच्याकडे राहून गेली होती. भाचा पाच वर्षांचा. दोन्ही रात्री तो माझ्या कुशीत झोपला होता. मला तेव्हा नववा आठवडा चालू होता आणि घरातल्या चौघांखेरीज ते कुणाला माहीत नव्हतं. बहिणीलाही नाही.

घामोळं असेल, काहीतरी चावलं असेल, असं मीच तिला म्हणाले. तरी ती त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी पुरळ पाहिलं, मग कानामागे आणि मानेच्या मागच्या बाजूला बोटांनी चाचपलं. तिथे वाटाण्याएवढ्या गाठी लागत होत्या. बहिणीच्या हातालाही त्यांनी त्या लावून दाखवल्या. मग "हा रुबेला असू शकतो," असं म्हणून त्यांनी विचारलं, "गेल्या आठवड्याभरात याच्या जवळ कुणी गरोदर बाई होती का?"

हा एक प्रश्न त्यांनी विचारला म्हणून पुढचं सगळं वेळेत झालं. बहीण त्यांना "नाही" म्हणाली, आणि बाहेर येऊन मला फोन करून हसत म्हणाली, "काय वाट्टेल ते विचारतात." मी काही बोलेना, तेव्हा तिला कळलं. गोड बातमी तिला कशी सांगायची ते मी मनात ठरवून ठेवलं होतं. ती तिला अशी कळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या डॉक्टरांसमोर होते. त्यांनी आधी तारखा लिहून घेतल्या. पुरळ कधी दिसलं, मुलगा आमच्याकडे कधी होता, किती वेळ जवळ होता. मी म्हटलं, पुरळ तर तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी आलं. त्याने फरक पडत नाही, असं त्या म्हणाल्या. पुरळ दिसण्याच्या आधीचे सात दिवस आणि नंतरचे सात दिवस रुबेलाचा विषाणू खोकल्या-शिंकेतून, श्वासातून बाहेर पडत असतो. एका खोलीत पाव तास सोबत असणं हाही संपर्कच धरतात. मी तर दोन रात्री त्याच्या केसांत नाक खुपसून झोपले होते.

मला तोवर रुबेला म्हणजे गोवराचाच एक सौम्य प्रकार वाटत होता. 'जर्मन गोवर' या नावाने तो गैरसमज पक्का होतो. प्रत्यक्षात दोन्हींचे विषाणू वेगळे, कुळं वेगळी. जर्मन डॉक्टरांनी या आजाराची वेगळी ओळख सांगितली म्हणून ते नाव पडलं, एवढंच. मुलांना यात फार काही होत नाही. बारीक ताप, गुलाबी पुरळ, कानामागच्या गाठी, आणि तीन दिवसांत सगळं ओसरतं. निम्म्यापर्यंत लोकांना तर काहीच लक्षण दिसत नाही, म्हणजे आपल्याला तो होऊन गेला हे त्यांना कधी कळतच नाही. मला सगळ्यात जास्त भीती याच गोष्टीची वाटली. भाच्याला पुरळ आलं म्हणून निदान कळलं तरी. ते आलं नसतं, तर मी काही न कळता पुढचे महिने काढले असते.

डॉक्टर काही लपवत नव्हत्या. मी विचारलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं. विषाणू आईच्या रक्तातून वारेत आणि वारेतून बाळात जातो. पहिल्या बारा आठवड्यांत बाळाचे डोळे, कान, हृदय घडत असतात. विषाणू शिरलेल्या पेशी नीट वाढत नाहीत, बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते, आणि त्या वेळी जो अवयव आकाराला येत असतो तो अर्धवट राहतो. त्यातून जन्मतःच मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयातली जी वाहिनी जन्मानंतर मिटायला हवी ती उघडीच राहणं, डोकं लहान राहणं असे दोष येतात. काही वेळा गर्भपात होतो, काही वेळा बाळ पोटातच जातं. आईला या काळात संसर्ग झाला तर दहातल्या आठ-नऊ बाळांना काही ना काही इजा होते. पुढे धोका झपाट्याने उतरतो, विसाव्या आठवड्यानंतर तो फारच क्वचित राहतो. माझा नववा होता.

"आणि संसर्ग झाला असेल तर औषध?"

"नाही. औषध नाही."

"मग आत्ता लस घेऊन टाकली तर?"

"पोटात बाळ असताना ही लस देत नाहीत. लशीतला विषाणू दुबळा केलेला असला तरी जिवंत असतो."

मी गप्प बसले. ज्या काळात ही लस सगळ्यात जास्त हवीशी वाटते, नेमक्या त्याच काळात ती मिळत नाही, हे मला आई होण्याच्या आधी कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही ठरवून मूल होऊ दिलं होतं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, रक्तगट, सगळं आधी तपासून घेतलं होतं. रुबेलाचं नाव त्या यादीत नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. म्हणून इथे, मध्येच थांबून, सांगते. तुमचा किंवा तुमच्या बहिणीचा, मैत्रिणीचा असा विचार चालू असेल तर लस घेतल्याची लेखी नोंद शोधा. ती सापडली नाही तर साधी रक्ततपासणी करा किंवा सरळ लस घ्या. आधीच प्रतिकारशक्ती असली तरी पुन्हा घेतलेली लस काही अपाय करत नाही. घेतल्यावर महिनाभर, नेमकं सांगायचं तर अठ्ठावीस दिवस, गर्भ राहू द्यायचा नाही. बस, एवढंच पथ्य.

पहिला नमुना त्याच सकाळी घेतला. दोन गोष्टी तपासायच्या होत्या. आयजीजी म्हणजे जुन्या ओळखीची प्रतिपिंडं, विषाणूला ओळखून अडवणारी रक्तातली प्रथिनं. ती असतील तर पूर्वी कधीतरी लस किंवा आजार होऊन गेलेला आहे, आणि मी बऱ्यापैकी सुरक्षित. आयजीएम म्हणजे नुकत्याच झालेल्या संसर्गाची. संपर्काला जेमतेम पाच दिवस झाले होते, त्यामुळे आयजीएममध्ये इतक्यात काही दिसणार नव्हतं. पण आयजीजी आत्ताच तपासायला हवं होतं, कारण या घडीला जे रक्तात असेल ते भाच्याकडून आलेलं नसणार, आधीचंच असणार. डॉक्टरांनी लॅबला चिठ्ठीवर लिहून दिलं की उरलेला नमुना फेकू नका, गोठवून ठेवा, पुढचा नमुना याच्यासोबत एकाच वेळी लावायचा आहे.

त्या रात्री आईने जुनी पेटी उपसली. माझं लसीकरणाचं कार्ड सापडलं नाही. "तुला लहानपणी गोवर येऊन गेला होता, मला चांगलं आठवतंय, अंगभर लाल झाली होतीस," ती पुन्हा पुन्हा सांगत होती. मलाही ते खरं वाटायला हवं होतं. डॉक्टरांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, आठवण धरता येत नाही. लाल पुरळ डझनभर आजारांत येतं आणि नुसतं पाहून कुणालाच खात्रीने नाव देता येत नाही. रक्त सांगेल तेच खरं.

रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा माझ्याआधी नवऱ्याने उघडला. "निगेटिव्ह! दोन्ही निगेटिव्ह!" तो ओरडलाच. सासूबाई देवघरातून धावत आल्या. मी रिपोर्ट हातात घेतला. आयजीजी दहाच्या वर असेल तर प्रतिकारशक्ती आहे असं धरतात. माझं दोनच्या आसपास होतं. आजाराच्या रिपोर्टवर 'निगेटिव्ह' वाचून हायसं वाटायची आपल्याला सवय असते. इथे त्याचा अर्थ होता की माझ्या शरीराने हा विषाणू कधी पाहिलेलाच नाही, आणि तो आला तर अडवायला आत कुणी नाही. हे नवऱ्याला समजावून सांगताना माझा आवाज फुटला.

त्याच दिवशी भाच्याचाही रिपोर्ट आला. त्याच्या घशातला स्राव आणि रक्त दोन्ही पाठवलं होतं, कारण पुरळ आलं त्या पहिल्या दिवसांत रक्तात कधी कधी काही सापडत नाही. त्याच्या रिपोर्टवर पॉझिटिव्ह होतं. रुबेलाच होता.

बहिणीने त्याची लस मुद्दाम टाळली नव्हती. ठरलेल्या दिवशी त्याला सर्दी होती, तिला वाटलं आज नको. पुढच्या तारखेला घर बदलायचं चाललं होतं. मग ते राहूनच गेलं. साध्या सर्दीसाठी लस पुढे ढकलावी लागत नाही, हे तिला त्या वेळी कुणी म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती फोनवर रडत राहिली. मी तिच्यावर रागावले नाही, हे मी उदारपणाने सांगत नाही. मी स्वतः तिशीपर्यंत लशीविना फिरत होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. कुणाला बोलायचं?

मग वाट पाहणं सुरू झालं. विषाणू शरीरात शिरल्यापासून पुरळ यायला साधारण दोन आठवडे लागतात, कधी बारा दिवस, कधी तेवीस. दुसरा नमुना संपर्कानंतर तीन आठवड्यांनी. तोही निगेटिव्ह आला तर तिसरा सहा आठवड्यांनी. त्याच्या आधी कुणीच काही खात्रीने सांगू शकणार नव्हतं.

मधल्या काळातली एक सूचना माझ्या मनाला लागली. डॉक्टर म्हणाल्या, "तुम्हाला लागण झाली असेल तर आता तुमच्याकडूनही पसरू शकते. तेव्हा तपासणीला शेवटची वेळ घ्या, बाहेरच्या बाकांवर बसू नका, बाजूच्या दाराने या." मी प्राथमिक शाळेत शिकवते. शाळेतूनही तीन आठवडे रजा घ्यायला सांगितलं. एका संध्याकाळी बाजूच्या दाराने शिरताना मी काचेतून त्या बाकांकडे पाहिलं. पाच-सहा जणी बसल्या होत्या. कुणाचं पोट दिसत होतं, कुणाचं अजून नव्हतं. भाचा माझ्यासाठी जो होता तीच मी या सगळ्यांसाठी असू शकते, हे तेव्हा मला लख्ख दिसलं. त्यांच्यापैकी कितीजणींच्या रक्तात ती प्रतिपिंडं होती, त्यांना तरी कुठे माहीत होतं.

रात्री झोप नसायची, तेव्हा मी वाचायचे. सिडनीचे डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांच्याबद्दल मी तेव्हा वाचलं. १९४१ साली त्यांच्याकडे जन्मतः मोतीबिंदू असलेली बाळं अचानक जास्त येऊ लागली. त्यांनी आयांना गरोदरपणाविषयी विचारलं, सहकाऱ्यांकडूनही माहिती मागवली. ७८ बाळांपैकी ६८ जणांच्या आयांना गरोदरपणी, बहुतेकींना अगदी सुरुवातीला, रुबेला झालेला होता. तोपर्यंत हा आजार पोरखेळ समजला जात होता. त्यांचं म्हणणं मान्य व्हायलाही वेळ लागला. पुढे १९६४-६५ मध्ये अमेरिकेत मोठी साथ आली. सव्वा कोट लोकांना रुबेला झाला आणि सुमारे वीस हजार बाळं जन्मजात रुबेलाचे दोष घेऊन आली. त्यातली हजारो ऐकू न येणारी. १९६९ मध्ये तिथे पहिली लस आली. आज जगात बहुतेक ठिकाणी जी वापरतात तिचा वाण आरए २७/३, तो अमेरिकी शास्त्रज्ञ स्टॅन्ली प्लॉटकिन यांनी तयार केला. २०१५ मध्ये अमेरिका खंडातल्या देशांमधून रुबेलाचा स्थानिक प्रसार थांबल्याचं जाहीर झालं. म्हणजे हा आजार संपवता येतो. माणसाखेरीज दुसऱ्या कुठल्या प्राण्यात हा विषाणू राहत नाही. माणसांच्या साखळीत त्याला पुढचा माणूस मिळाला नाही की तो संपला. हे रात्री दोन वाजता वाचताना मला धीर यायचा आणि संतापही यायचा.

तीन आठवडे झाले. अंगावर काही उठलं नव्हतं. रोज आरशासमोर कानामागे चाचपून चाचपून तिथली कातडी दुखायला लागली होती. दुसरा नमुना पहिल्यासोबत लावला. आयजीजी निगेटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह. या वेळी नवऱ्याने आधी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "हे चांगलं निगेटिव्ह ना?" हो, हे चांगलं. संसर्ग झाला असता तर आता प्रतिपिंडं दिसायला लागली असती. पण अजून एक नमुना बाकी होता.

त्याच आठवड्यात त्याने स्वतः एमएमआर, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची एकत्र लस घेतली, आणि माझ्या दिरानेही. घरात गरोदर बाई असताना इतरांनी ही लस घेणं सुरक्षित आहे, घ्यावीच, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. लस घेतलेल्या माणसाकडून तिच्यातला रुबेलाचा विषाणू आसपासच्यांना लागत नाही. नवऱ्याचा पहिला प्रश्न होता, "पुरुषांना कशाला?" त्याला मी जपानचं सांगितलं. तिथे काही वर्षं ही लस फक्त शाळेतल्या मुलींना देत होते. मुलगे तसेच मोठे झाले. २०१३ मध्ये तिथे चौदा हजारांवर लोकांना रुबेला झाला, त्यात बहुतेक प्रौढ पुरुष. नोकरीला जाणारे, घरी बायको असलेले. २०१२ ते १४ या काळात ४५ बाळं दोष घेऊन जन्मली. पोटातलं बाळ वाचवायचं तर लस फक्त पोटुशी होणाऱ्या बाईला देऊन भागत नाही, हे त्याला पटायला एवढं पुरलं.

तिसऱ्या नमुन्याच्या आधीच्या रात्री आम्ही दोघं पहिल्यांदा नीट बोललो. पॉझिटिव्ह आला तर काय? डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की एकाच रिपोर्टवर काही ठरवायचं नाही. आयजीएम कधी कधी दुसऱ्याच एखाद्या आजारामुळे खोटं पॉझिटिव्ह येतं, पुन्हा तपासावं लागतं, गरज पडली तर नंतर बाळाभोवतालच्या पाण्याचीही तपासणी होते. आणि त्यानंतरही निर्णय आमचा असेल, त्या कुठल्याही बाजूने ढकलणार नाहीत. आम्ही काय ठरवलं ते मी इथे लिहिणार नाही. ठरवावं लागलं नाही.

तिसरा नमुनाही निगेटिव्ह आला. डॉक्टरांनी तीनही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि म्हणाल्या, "लागण झाली नाही." पंधराव्या आठवड्यात माझा जीव भांड्यात पडला, पण पूर्ण नाही. मी अजूनही तितकीच उघडी होते. विसाव्या आठवड्यापर्यंत मी शाळेत मुलांच्या वर्गावर गेले नाही, कार्यालयातलं काम घेतलं. मुख्याध्यापकांनी समजून घेतलं. सगळ्यांना असं मिळत नाही, हे मला ठाऊक आहे.

मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर ट्रे घेऊन आल्या आणि माझ्या दंडावर एमएमआर टोचली. माझ्या केसपेपरवर पहिल्याच पानावर लाल शाईने लिहून ठेवलं होतं, 'बाळंतपणानंतर घरी जाण्याआधी लस.' नंतर या म्हटलं असतं तर मी कधी गेले असते, कोण जाणे. अंगावर पाजत असताना ही लस चालते. दोन आठवड्यांनी बोटांची पेरं आणि गुडघे दुखायला लागले, बाळाला उचलताना मनगट कळ मारायचं. मी घाबरून फोन केला. मोठ्या बायकांमध्ये या लशीनंतर असं होतं, आपोआप जातं, असं कळलं. पाच दिवसांत गेलं.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. ते खरं तर गरजेचं नव्हतं, एका डोसने शंभरातल्या पंचाण्णव जणांना पुरेशी प्रतिकारशक्ती येते. पण मला तो आकडा डोळ्यांनी पाहायचा होता. अठ्ठेचाळीस. या वेळी 'पॉझिटिव्ह' वाचून नवऱ्याला काही विचारावं लागलं नाही.

भाच्याची लस मधल्या काळात झाली होती. रुबेला होऊन गेला तरी गोवर आणि गालगुंडासाठी ती हवीच होती. पुरळ आल्यापासून बहिणीने त्याला आमच्याकडे आणलं नव्हतं, आधी मी सांगितलं म्हणून, नंतर तिच्याच मनात भीती बसली म्हणून. रिपोर्ट आला त्या रविवारी मी तिला फोन करून बोलावलं. तो आला, आत येऊन कुणी सांगायच्या आधी साबणाने हात धुतले, आणि पाळण्यापासून चार हात लांब भिंतीला टेकून उभा राहिला. मी ये म्हटलं तरी हलेना.

"मावशी, माझ्यामुळे हिला काही झालं नाही ना?"

पाच वर्षांच्या मुलाने, आता तो सहाचा होत आला होता, एवढे महिने हे मनात ठेवलं होतं. मी त्याला जवळ घेतलं, खाली बसवलं आणि बाळ त्याच्या मांडीवर दिलं. तो तिच्या कानाशी वाकून हळू काहीतरी पुटपुटला. तिने आवाजाच्या दिशेने मान वळवली.